मारुती 800 चं हेड गास्केट: कंपनीचं घ्यावं की बाजारातलं?

जुन्या 800 किंवा ओम्नीचं हेड गास्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधला, पाणी-तेल-दाब अडवणारा थर) गेलं की काउंटरवर तीन प्रकारचा माल समोर येतो. एक, मारुतीच्या सीलबंद पाकिटातला. दुसरा, टालब्रोससारख्या गास्केटमधल्या नावाजलेल्या कंपन्यांचा. आणि तिसरा, दुकानाच्या भिंतीवर खिळ्याला लटकवलेला, ना पाकीट ना पार्ट नंबर. तिसऱ्याचा विषयच काढू नका. लटकून वाकलेलं ग्रॅफाइटचं गास्केट वाकल्या जागी तडकतं. हाताने दाबून सपाट केलं तरी ती रेघ आत राहतेच आणि पुढं तिथूनच पाणी किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) फुटतं.

खरी निवड पहिल्या दोघांतली. सहा व्हॉल्वच्या जुन्या एफ 8 बी इंजिनाला दुसऱ्या प्रकारचं, म्हणजे चांगल्या कंपनीचं बाजारातलं गास्केट बिनधास्त बसवा. इंजिन साधं आहे: ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं, तीन सिलिंडर, आठ हेड बोल्ट. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, त्यामुळं हेड प्रत्येक वेळी गास्केटवर किंचित सरकतं. मधे पत्रा, दोन्ही बाजूंना ग्रॅफाइट आणि सिलिंडरभोवती स्टीलची रिंग, अशा बनावटीचं गास्केट ही सरकासरकी नीट झेलतं. अशा इंजिनाला मारुतीच्या पाकिटाचे जादा पैसे देऊन हाती फारसं काही लागत नाही. शिवाय त्या पाकिटाच्या नकलाही फिरतात, म्हणून घ्यायचंच असेल तर अधिकृत पार्ट्स डीलरकडूनच घ्या आणि होलोग्राम बघा.

गाडीचं नुसतं नाव सांगून गास्केट मागू नका, इंजिन कोणतं ते सांगा. 2000 च्या सुमारास आलेल्या बारा व्हॉल्वच्या एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरनं पेट्रोल सोडणाऱ्या) इंजिनाच्या सिलिंडरचा व्यासही 68.5 मिलिमीटरच आहे, पण हेड वेगळं, म्हणून गास्केटही वेगळं. इंजिन बोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठं करून, 0.50 चे ओव्हरसाइझ पिस्टन टाकलेले असतील तर सिलिंडर 69 चं झालेलं असतं. दुकानातच व्हर्नियर लावून गास्केटचं भोक मोजा. ते सिलिंडरपेक्षा मोठंच हवं. रिंगची कड आत डोकावली की ती लालबुंद तापते, जळते आणि काही महिन्यांत पुन्हा हेड उतरवायची पाळी येते.

मग नवीन गास्केट जुन्यावर ठेवून उजेडाकडं धरा. स्वस्त मालात रॉकरकडं (व्हॉल्व दाबणाऱ्या दांड्यांकडं) जाणारं तेलाचं भोक सरकलेलं सापडतं, आणि ते अर्धं झाकलं गेलं तर रॉकर शाफ्ट कोरडा चालतो. पाण्याची काही भोकं मात्र ब्लॉकमधल्या भोकांपेक्षा मुद्दामच लहान ठेवलेली असतात. पाणी सगळ्या सिलिंडरपर्यंत सारखं पोहोचावं म्हणून ती तशी असतात. ‘कंपनीनं चुकून लहान पाडलंय’ म्हणत पोकर घालून ती मोठी करणारे महाभाग आहेत. त्यांच्यापासून गाडी लांब ठेवा.

हल्ली ‘स्टीलचं घ्या, जास्त टिकतं’ असंही ऐकवतात. स्टीलच्या अनेक थरांचं गास्केट चांगलंच असतं, पण त्याला पृष्ठभाग फार गुळगुळीत लागतो: साधारण 0.8 मायक्रॉन किंवा त्याहून कमी खरखरीतपणा. ग्रॅफाइटवालं त्याच्या दुप्पटही चालवून घेतं. लेथवाल्याकडून हेडला फेस मारून (पृष्ठभाग कापून सपाट करून) मिळेल, पण ब्लॉक गाडीतच असतो आणि वीस-पंचवीस वर्षांच्या ब्लॉकवर खड्डे असतातच. तिथं स्टीलचं महागडं गास्केट पहिल्याच उन्हाळ्यात झिरपायला लागतं.

गास्केट कुठलंही आणा, हेडवर सरळ पट्टी ठेवून खाली फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घालून बघा. मर्यादा 0.05 मिलिमीटर. त्याहून जास्त वाक असेल तर फेस मारल्याशिवाय गत्यंतर नाही. जुनं गास्केट खरवडायला लाकडी किंवा प्लास्टिकची पट्टी घ्या. ग्राइंडरला पॉलिश डिस्क लावली तर तिची पूड तेलात जाते आणि बेअरिंग खाते. बोल्टच्या भोकात तेल-पाणी साचलेलं असेल तर कापडानं टिपून काढा, नाहीतर बोल्ट खाली द्रवावर अडतो. टॉर्क पाना ‘झालं’ म्हणतो आणि हेड मात्र दाबलं गेलेलंच नसतं. ‘टॉप’ ही खूण वर आणि क्रँक पुलीच्या बाजूला. शेलॅक, सिलिकॉन, ग्रीस यातलं काही फासायचं नाही. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेनं, दोन-तीन टप्प्यांत, 5.5 ते 6 किलोग्रॅम-मीटर टॉर्कपर्यंत आवळा. उतरवताना उलट: कडेचे आधी आणि इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच. गरम इंजिनाचं हेड सोडलं की ते वाकतं. नंतर पुन्हा टॉर्क द्यायचा की नाही, ते पाकिटावर लिहिलेलं असतं. ते पाकीट मिस्त्रीनं फेकायच्या आधी वाचा.

पिस्टन ब्लॉकच्या वर डोकावतो अशा डिझेल इंजिनाचा हिशेब पूर्ण वेगळा. उदाहरणार्थ डिझेल स्विफ्टमधलं 1.3 मल्टिजेट. यांची गास्केटं वेगवेगळ्या जाडीत येतात आणि जाडी ओळखायला कडेला भोकं किंवा खाचा असतात. पिस्टन किती वर येतो ते डायल गेजनं मोजून त्यानुसार जाडी निवडायची. इथं गाडीच्या कंपनीचंच घ्या, कारण बाजारात बऱ्याचदा एकच जाडी ‘सगळ्यांना चालते’ म्हणून खपवतात. पातळ बसलं तर पिस्टन हेडला किंवा व्हॉल्वला टेकू शकतो; जाड बसलं तर कॉम्प्रेशन उतरून सकाळी गाडी उठत नाही. बोल्ट टॉर्कऐवजी कोनाच्या अंशांत फिरवून आवळायचे असतील तर तेही नवेच टाका, ते एकदाच ताणले जातात.

आणि पाणी. मराठवाड्यात बोअरचं पाणी जड. रेडिएटरमध्ये तेच ओतत राहिलं की क्षार साचून नळ्या बुजतात, ॲल्युमिनियमच्या हेडला पाण्याच्या भोकांभोवती खड्डे पडतात आणि नव्या गास्केटला बसायला धड जागाच उरत नाही. मे महिन्यात भरलेली ओम्नी कन्नडच्या घाटात किंवा मांजरसुंब्याला चढावर उकळली, की दोष गास्केटच्या माथी मारला जातो. डिस्टिल्ड पाण्यात किमान 30 टक्के कुलंट घाला. ‘गाडी गरम होऊ नये’ म्हणून थर्मोस्टॅट (इंजिनाच्या पाण्याचं तापमान राखणारा व्हॉल्व) काढून टाकलेला असेल तर हेडच्या याच कामात नवा बसवून घ्या. जोडीला 0.9 किलो दाबाचं नवं रेडिएटर कॅपही घ्या. जुन्याचं रबर कडक झालं की प्रेशर धरत नाही आणि पाणी लवकर उकळतं.