चाचणीत पास झालेलं दूध

आमच्या घरी अकरा महिने रोज दोन लिटर दूध काचेच्या बाटल्यांतून येत होतं. बाटलीवर हिरवं पान, त्याखाली 'सेंद्रिय', आणि त्याच्याही खाली 'ए२ देशी गीर'. ए२ म्हणजे दुधातल्या एका प्रथिनाचा प्रकार. भाव १३० रुपये लिटर. त्याच काळात पिशवीतलं गायीचं दूध साठाच्या घरात मिळत होतं. म्हणजे रोजचे १४० रुपये आम्ही वरचे मोजत होतो, अकरा महिन्यांचे जवळजवळ ४७ हजार. ज्यासाठी मोजले ते त्या बाटलीत एकही दिवस नव्हतं. हे सविस्तर लिहायचं कारण असं, की विकणारा माणूस उघड खोटं फार थोडं बोलला. त्याने दाखवलेल्या बहुतेक गोष्टी खऱ्या होत्या. फक्त ती सगळी दुसऱ्याच प्रश्नाची उत्तरं होती.

लेक दोन वर्षांची झाली तेव्हाची गोष्ट. अंगावरचं सुटलं होतं आणि वरच्या दुधावर तिची सगळी मदार होती. बालरोगतज्ज्ञांनी स्पष्ट सांगितलं होतं की साधं, नीट उकळलेलं दूध पुरेसं आहे, फक्त फार पाजू नका. पण दुधातली भेसळ, गायींना दिली जाणारी औषधं, यांचे व्हिडिओ रोज कुणी ना कुणी पाठवत होतं आणि माझ्या मनात भीती घर करून बसली होती. त्याच सुमारास आमच्या पुण्यातल्या वारज्याच्या सोसायटीत रविवारच्या बाजारात त्याचं टेबल लागलं. पंचविशीतला, मृदू बोलणारा मुलगा. "ताई, माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः तपासा," हे त्याचं पहिलं वाक्य. टेबलावर लॅक्टोमीटर, आयोडीनची बाटली, लिटमसच्या पट्ट्या. त्याने माझ्यासमोर दुधात आयोडीनचे थेंब टाकले; निळं झालं नाही, म्हणजे पिठूळ काही घातलेलं नाही. मी वर जाऊन आमच्या फ्रिजमधलं पिशवीचं दूध आणलं. तेही निळं झालं नाही. पण तोवर माझं मन ठरलेलं होतं.

पहिल्या बाटलीबरोबर तपासणीचा एक डबाही घरी आला. पुढचे दोन महिने दर रविवारी मी चाचण्या केल्या. तिरप्या फरशीवर थेंब सोडायचा. शुद्ध दूध मागे पांढरी रेघ ठेवत सावकाश उतरतं, पाणी घातलेलं चटकन ओघळतं. दुधात तितकंच पाणी घालून जोरात हलवायचं, डिटर्जंट असेल तर दाट फेस धरतो. तुरीच्या डाळीची पूड घालून पाच मिनिटांनी लाल लिटमस बुडवायचा, निळा झाला तर युरिया. आमचं दूध प्रत्येक चाचणीत पास. मी फोटो काढून त्यांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकायचे. ते फोटो पाहून आमच्या विंगमधल्या चार घरांनी दूध सुरू केलं. ही गोष्ट मला पैशांपेक्षा जास्त लागते.

या चाचण्या खोट्या नाहीत, एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, स्वतः लोकांसाठी दिलेल्या आहेत. पण त्या भेसळ पकडतात. गायीने काय खाल्लं, त्या चाऱ्यावर काय फवारलं होतं, तिला कोणतं इंजेक्शन दिलं, यातलं एक अक्षरही आयोडीन सांगत नाही. सेंद्रिय दूध आणि साधं चांगलं दूध घरातल्या कुठल्याही चाचणीत वेगळं दिसत नाही, कारण सेंद्रियपण गोठ्यात आणि कागदावर असतं. मी आठ रविवार एक गोष्ट तपासली आणि दुसरीच सिद्ध झाली असं धरून चालले.

आणि ज्या भेसळीला मी इतकी भ्यायले होते तिचं सांगते. एफएसएसएआयने २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. जिवाला धोकादायक भेसळ त्यातल्या १२ नमुन्यांत निघाली. अफ्लाटॉक्सिन एम१ मात्र ३६८ नमुन्यांत मर्यादेपेक्षा जास्त होतं. हे विष बुरशी धरलेल्या पेंडीतून आणि चाऱ्यातून दुधात उतरतं. ते ना रंगात कळतं, ना वासात, आणि उकळूनही जात नाही. म्हणजे खरा प्रश्न पुन्हा गोठ्यातल्या पेंडीपाशीच येतो, आणि मी तो विचारलाच नव्हता.

पहिली शंका सासूबाईंना आली. त्या साय साठवून दर आठवड्याला लोणी काढतात. सुरुवातीचं तूप पिवळसर निघायचं. एप्रिलमध्ये एकदा त्यांनी बरणी उजेडात धरली आणि म्हणाल्या, "अगं, हे म्हशीचं आहे." तूप पांढरंशुभ्र होतं. चाऱ्यातला पिवळा रंग गायीच्या दुधात उतरतो. म्हैस त्याचं जीवनसत्त्व अ करून टाकते, म्हणून तिचं तूप पांढरं. मी त्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, "ताई, उन्हाळ्यात हिरवा चारा कमी, त्यामुळे रंग उतरतो." रंग चाऱ्याप्रमाणे बदलतो हेही खरंच आहे, म्हणून मी गप्प बसले. सासूबाईंचं समाधान झालं नव्हतं.

इथेच एक गोष्ट सांगायला हवी. बाटलीबरोबर आलेल्या कागदावर लिहिलं होतं की हे दूध उकळू नका, उकळल्याने सत्त्व मरतं. सासूबाईंनी तो कागद बाजूला ठेवला आणि पहिल्या दिवसापासून दूध उतू येईपर्यंत तापवलं. त्या ऐकत्या तर माझ्या लेकीच्या पोटात अकरा महिने कुणाकुणाच्या गोठ्यातलं कच्चं दूध गेलं असतं. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिससारखा ताप माणसाला होतो, मग गाय देशी असो की संकरित. कच्चंच प्या असं सांगणाऱ्याकडून लहान मुलासाठी दूध घेऊच नका. या बाबतीत मी कुणाचं काही ऐकून घेणार नाही.

मे महिन्यात त्या दूधवाल्यांनी ग्राहकांसाठी गोठ्याची सहल काढली. भोरच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी. सुंदर जागा. मोठं कपाळ आणि लांब लोंबते कान असलेल्या लाल-तांबड्या गीर गायी, वासरं, पोरांना गूळ चारायला दिला. मी मोजल्या, चाळीसच्या आसपास असतील. पाणी आणायला मागे गेले तर शेडमध्ये सरकी पेंडीची पोती रचलेली होती. तिथल्या गड्याला मी सहज विचारलं, "दादा, ही पण सेंद्रिय असते का?" तो बिचारा सरळ म्हणाला, "सरकीच हाय की ताई, बाजारातली. समदेच घालत्यात."

त्या वेळी मला यातलं काही कळलं नाही. घरी आल्यावर वाचलं. सरकी म्हणजे कापसाचं बी. आपल्या देशात २००२ पासून बीटी, म्हणजे जनुकीय बदल केलेला, कापूस आहे आणि आज जवळजवळ सगळा कापूस तोच. सेंद्रियच्या राष्ट्रीय मानकांत, म्हणजे एनपीओपीमध्ये, जनुकीय बदल केलेलं काहीही चालत नाही, जनावराच्या खाद्यातसुद्धा. म्हणजे बाजारातली सरकी पेंड खाणाऱ्या गायीचं दूध सेंद्रिय म्हणून विकताच येत नाही. देशी असो, गीर असो, तिची कितीही मायेने निगा राखलेली असो.

मग मी त्या मुलाकडे सेंद्रियचे कागद मागितले. खरं तर ते पहिल्याच दिवशी मागायला हवे होते. त्याने लगेच पाठवले, इतक्या झटपट की मला माझ्या शंकेचीच लाज वाटली. प्रमाणन संस्थेचं नाव, शिक्का, सगळं होतं. नवऱ्याने फोटो मोठा करून ओळ न् ओळ वाचली. प्रमाणपत्र एका शेतकरी गटाच्या नावावर होतं. उत्पादनांच्या यादीत हळद, ऊस, भुईमूग. दूध नव्हतं, जनावरांचा उल्लेखही नव्हता. मुदत आदल्या वर्षीच संपलेली. आम्ही त्या संस्थेला फोन केला. त्यांनी शांतपणे सांगितलं की गटाची जमीन त्या पिकांपुरती प्रमाणित होती, दुधासाठी कधी अर्जही आलेला नाही. बाटलीवरचं हिरवं पानही दूधवाल्यांनी स्वतःच चितारून घेतलेलं. प्रमाणित मालावर सेंद्रियचं सरकारी चिन्ह असतं. ते आमच्या बाटलीवर कुठेच नव्हतं. होता तो एफएसएसएआयचा चौदा अंकी परवाना क्रमांक, आणि तो दाखवूनच त्याने मला "सरकारमान्य" म्हटलं होतं. तो क्रमांक प्रत्येक बिस्किटाच्या पुड्यावर असतो. खाद्यपदार्थाचा धंदा करायची परवानगी, एवढाच त्याचा अर्थ. फॉसकॉस या एफएसएसएआयच्या परवान्यांच्या संकेतस्थळावर तो टाकून पाहिला तर पत्ता भोरचा नव्हताच, शहरालगतच्या एका औद्योगिक वसाहतीतला गाळा होता.

मी त्याला फोन केला. तो चिडला नाही. म्हणाला, "ताई, छोट्या शेतकऱ्याला प्रमाणपत्रातून सूट असते." अशी सूट खरोखर आहे, वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असलेल्या, थेट ग्राहकाला विकणाऱ्या मूळ उत्पादकासाठी. पण त्याच आठवड्यात त्यांच्या गटावर '७०० कुटुंबं पूर्ण' म्हणून अभिनंदनाचा फलक फिरत होता. घरटी एकच लिटर धरलं तरी दिवसाचे ९१ हजार रुपये होतात. वर्षाची ती मर्यादा दोन आठवड्यांतच ओलांडली जाते.

आणि गायी चाळीस. त्यातल्या काही गाभण, काही आटलेल्या, असणारच. पंचवीस-सव्वीस दुभत्या धरा, प्रत्येकी दिवसाला दहा लिटर धरा, वासरांना थेंब देऊ नका, तरी २६० लिटर. उरलेलं चारशे चाळीस लिटर दूध रोज कुठून येत होतं? हे मी विचारलं तेव्हा तो पहिल्यांदा थांबला. मग म्हणाला, "आजूबाजूच्या शेतकऱ्यांकडून घेतो, तेही आपलेच लोक आहेत." संकरित गायीचं, म्हशीचं, जे मिळेल ते. ते दूध वाईट होतं असं मी म्हणत नाही. तो शेतकरी त्यासाठी बाजारभावच घेत असणार. वरचे सत्तर रुपये त्याच्यापर्यंत पोहोचत नव्हते, आणि मला जास्त राग त्याचा आला.

'ए२'बद्दलही मी त्याला छेडलं. त्याने एक कात्रण पाठवलं, की सरकारने ए२ला मान्यता दिली. प्रत्यक्षात घडलं होतं ते असं: २१ ऑगस्ट २०२४ ला एफएसएसएआयने वेष्टनांवरचे ए१-ए२चे दावे काढायला सांगितले आणि २६ ऑगस्टला संबंधितांशी आणखी चर्चा करायची म्हणून तो आदेश मागे घेतला. आदेश मागे घेणं म्हणजे मान्यता नव्हे. शिवाय म्हशीच्या दुधातही ए२च प्रथिन असतं, तेव्हा त्या शब्दाने गीर गाय सिद्ध होत नाही.

दुसऱ्या दिवशी मला गटातून काढून टाकलं होतं. ॲपमध्ये आगाऊ भरलेले २१ दिवसांचे ५,४६० रुपये अडकले होते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली, पाच आठवड्यांनी तेवढे परत आले. मागच्या अकरा महिन्यांचं काही नाही.

घाईत माझी एक चूक झाली, ती तुम्ही करू नका. एक बाटली मी परस्पर खाजगी प्रयोगशाळेत दिली. अहवाल आला: फॅट ४.१ टक्के, एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून उरलेले घन घटक, ८.५ टक्के. गायीच्या दुधाला किमान ३.२ आणि ८.३ लागतं, म्हणजे उत्तम दूध. माझ्या तक्रारीला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ४० प्रमाणे ग्राहकाला शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून पदार्थ तपासून घेता येतो, पण तसा इरादा विकत घेतानाच विक्रेत्याला सांगावा लागतो. आणि मुळात माझी तक्रार दुधाची नव्हती, लेबलवरच्या शब्दाची होती. म्हणून अन्न व औषध प्रशासनाकडे दुसरा अर्ज केला तेव्हा बाटलीचे फोटो, मुदत संपलेलं प्रमाणपत्र, ७०० कुटुंबांचा फलक आणि पैसे भरल्याच्या नोंदी, एवढंच जोडलं.

दोन महिन्यांनी लेबल बदललं. 'सेंद्रिय' गेलं, तिथे आता 'शेतावरून थेट' आहे. हिरवं पान तसंच आहे, भाव १३५ झाला आहे.

आम्ही परत पिशवीचं दूध घेतो, सासूबाई ते उतू येईपर्यंत तापवतात. चार घरांपैकी तिघांनी बाटल्या बंद केल्या. चौथ्या घरी मी परवा सगळे कागद घेऊन गेले. ती ऐकत होती, मध्येच म्हणाली, "पण गं, तूच तर तपासून दाखवलं होतंस." तिच्या ॲपमध्ये अजून चाळीस दिवसांचे पैसे भरलेले आहेत.