टाइनमथच्या बाजारातला रंगीत काचेचा गाळा

न्यूकॅसलजवळच्या टाइनमथ मेट्रो स्टेशनात शनिवार-रविवारी बाजार भरतो. तिथे एक आजोबा साच्यात दाबून केलेली व्हिक्टोरियन, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या काळातली, काच विकतात. माल अस्सल, लेबलं मात्र रामभरोसे.

मी घेतली ती जांभळ्या-पांढऱ्या संगमरवरी छटेची छोटी दुधाची बुटली. उलटी करून उजेडात तिरकी धरली, तर बुडाशी मोराचं इवलंसं उठावदार डोकं. म्हणजे गेट्सहेडचा सोवर्बी कारखाना. हे चिन्ह १८७६ पासूनचं. शेजारी नक्षीच्या नोंदणीची चौकट, म्हणजे पत्त्यातल्या चौकटसारखी खूण; तिच्या वरच्या गोलात रोमन तीन, म्हणजे काच. उजव्या कोपऱ्यात पी, म्हणजे १८७७. पण ही तारीख नक्षीच्या नोंदणीची. साचा पुढे कितीतरी वर्षं चालायचा. लेबलावर मात्र ठळक ‘१८७७ मध्ये बनवलेली’!

पिवळ्या काठाच्या बशीवर तर ‘१८५०’ लिहिलं होतं. बुडावर चौकट नाही, ‘आरडी’ (‘रजिस्टर्ड’, म्हणजे नोंदणीकृत) आणि सहा आकडी नंबर. असे नंबर १८८४ पासून सुरू झाले. शिवाय पिवळ्याकडून दुधी होत जाणारी ही काच गेट्सहेडच्याच डेव्हिडसन कारखान्याने आणली १८८९ मध्ये. आजोबांना सांगितलं, तर हसून पाच पौंड कमी केले. वर स्वतःची यूव्ही (अतिनील किरणांची) बॅटरी काढून दाखवली: काठ हिरवागार चमकला, काचेत मिसळलेल्या युरेनियमची करामत.

वस्तू हाताळू देतात, घाई करत नाहीत, हे फार मोठं. पॅकिंग मात्र एका वर्तमानपत्रात. आपली जाड पिशवी न्याच. पाचपैकी चार तारे.