कुत्र्यांसाठी वाळवलेल्या रताळ्याच्या चकत्या: माल चांगला, लेबल अपुरं

नागपूरच्या धरमपेठेतल्या पेट शॉपमध्ये मिळणाऱ्या 100 ग्रॅमच्या घरगुती पाकिटाचं हे परीक्षण. घटक एकच, रताळं. मीठ, साखर, रंग काही नाही, आणि हे फार बरं केलं आहे. खाऊच्या पाकिटावर कांद्याची किंवा लसणाची पूड लिहिलेली दिसली तर ते तिथंच ठेवावं. त्यानं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात, शिजवून-वाळवून तो दोष जात नाही आणि लक्षणं दिसायला काही दिवस लागतात.

चकती 4-5 मिलिमीटर जाड, चिवट, चघळायला छान. रताळं उकडून वाळवलंय की कच्चंच, हे मात्र लिहिलेलं नाही. कच्चा स्टार्च कुत्र्याला नीट पचत नाही. कोमट पाण्यात 20 मिनिटं भिजवून पाहा: उकडलेली चकती सहसा बोटानं चिरडते, कच्ची बहुतेक रबरासारखीच राहते. ही चिरडली.

खरी गोम प्रमाणात आहे. लेबल म्हणतं, ‘रोज 4-5 तुकडे’. कोणत्या वजनाच्या कुत्र्याला? ताज्या रताळ्यात सुमारे 77 टक्के पाणी असतं. ते गेलं की 100 ग्रॅम चकत्यांत जवळपास पावणेचारशे ग्रॅम रताळं येतं, म्हणजे सव्वातीनशेच्या आसपास कॅलरी. एक चकती साधारण 8 ग्रॅमची. वरचा खाऊ दिवसाच्या कॅलरीच्या 10 टक्क्यांत बसवायचा, तर 25 किलोच्या लॅब्रॅडॉरला चार चकत्या चालतील, 10 किलोच्या कुत्र्याला दोन, 5 किलोच्या पॉमेरेनियनला एकच. तीही बिस्किट-टोस्ट बंद करून. लहान कुत्रा चकती अख्खी गिळतो आणि ती घशात किंवा आतड्यात अडकते, म्हणून भिजवून बारीक तुकडे करूनच द्या. मधुमेह असेल, किंवा कॅल्शियम ऑक्झलेटचे मुतखडे होऊन गेले असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. बीटालाही खड्यांची हीच अट.

नागपूरच्या पावसाळ्यात पाकीट फोडलं की दमटपणा शिरतो. घट्ट झाकणाच्या बरणीत घालून फ्रिजमध्ये ठेवा. बुरशीचा एक ठिपका दिसला तरी अख्खं पाकीट फेका, तेवढाच तुकडा काढून भागत नाही.

घरी उकडून देणं स्वस्त पडतं. गोकुळपेठ बाजारातून घट्ट, डाग नसलेली रताळी आणा, सोला, फोडी करून 15 मिनिटं बिनमिठाची उकडा. महाशिवरात्रीची तूप-गूळ घातलेली रताळी यात धरू नका. त्याच ढिगाशेजारची कोचई (अळूचे कंद) आणि सुरण कुत्र्याला देऊच नये, त्यातल्या सुयांसारख्या स्फटिकांनी तोंड सुजतं. बटाटा हिरवा किंवा कोंब आलेला असेल तर उकडूनही चालत नाही.

पाच किलोच्या आतल्या कुत्र्यासाठी हे पाकीट घेऊ नका. मोठ्या कुत्र्यासाठी जरूर घ्या, फक्त चकत्या वजन करून द्या.