चरबीसाठी सीएलए घ्यावं की फिश ऑइल?

दोन्ही मी घेऊन पाहिलंय. सीएलए (कॉन्जुगेटेड लिनोलेइक ॲसिड, चरबी उतरवण्यासाठी कॅप्सूलमधून घेतात ते एक मेदाम्ल) चार महिने, आणि त्यानंतर फिश ऑइल, जे अजून चालू आहे.

चरबीच्या बाबतीत नाव सीएलएचं मोठं, आणि ते अगदीच पोकळ नाही. १९९७ च्या एका प्रयोगात उंदरांच्या खाण्यात नुसतं ०.५ टक्के सीएलए घातलं, तर अंगावरची चरबी निम्म्याहून कमी भरली. माणसाचं तसं होत नाही. २००७ साली बऱ्याच चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, त्यात रोज ३.२ ग्रॅम घेणाऱ्यांची, न घेणाऱ्यांपेक्षा आठवड्याला जेमतेम ९० ग्रॅम चरबी जास्त उतरली होती. सहा महिन्यांनंतर तोही वेग मंदावतो. ‘दुधातून मिळतंच की’ असं बरेच जण म्हणतात, पण दुधातलं सीएलए वेगळ्या घडणीचं. कॅप्सूलमधलं करडईच्या तेलापासून बनवतात. त्यात दोन प्रकार जवळपास निम्मे निम्मे असतात आणि चरबीवर काम करतो तो दुधात नगण्य असलेला प्रकार. काही चाचण्यांत त्याच प्रकाराने इन्शुलिनचा परिणाम कमी केल्याचं दिसलंय. घरात मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

माझं घोडं मात्र पोटापाशी अडलं. माझ्या डबीतली कॅप्सूल १००० मिलिग्रॅमची, त्यात सीएलए ८००. म्हणजे दिवसाला चार, एकेक अंगठ्याच्या पेराएवढी. तिसऱ्या आठवड्यापासून जेवल्यावर तासाभरात पोटात गुरगुर सुरू व्हायची आणि शौचाला पातळ व्हायचं. जेवणाच्या मध्ये घेऊन पाहिली, तेच. दोनवर आलो तेव्हा पोट शांत झालं, पण निम्म्या डोसात काय हाती लागणार? मग प्रवासाच्या दिवशी सुट्टी, मीटिंगच्या दिवशी सुट्टी. एका महिन्याच्या शेवटी मोजल्या, तर १२० पैकी ४६ तशाच उरलेल्या. चार महिन्यांनी पट्टा त्याच भोकात होता.

फिश ऑइलकडून चरबी उतरण्याची अपेक्षा ठेवू नका, वजनावर त्याचा परिणाम फारसा दिसत नाही. पण पुरेशा डोसात ते रक्तातले ट्रायग्लिसराइड (रक्तात फिरणारी चरबी) कमी करतं, हे पक्कं आहे. साध्या १००० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये ईपीए आणि डीएचए, म्हणजे कामाची ओमेगा-३ मेदाम्लं, मिळून ३०० मिलिग्रॅमच्या आसपासच असतात, म्हणून मी जास्त तीव्रतेची घेतो; दिवसाला दोनच पुरतात. ढेकरांना मासळीचा वास येतो खरा, पण कॅप्सूल फ्रीजमध्ये ठेवून रात्रीच्या जेवणात घ्यायला लागल्यापासून तो जवळजवळ गेला. पुढच्या रिपोर्टमध्ये माझे ट्रायग्लिसराइड खाली आले. त्याच काळात संध्याकाळचं चालणंही वाढलं होतं, म्हणून सगळं श्रेय तेलाला देत नाही.

तुमचं पोट दणकट असेल, साखर नीट असेल आणि सहा महिने रोज चार कॅप्सूल न चुकता घेणार असाल, तर सीएलए करून पाहायला हरकत नाही. सुरुवात दोनने करा आणि पहिला महिना लांबचा प्रवास ठेवू नका.