एनजिनएक्सची बिल्ड-मॉड्यूल स्क्रिप्ट, आठ महिने वापरून

आधी एनजिनएक्स या वेब सर्व्हरला जोडायचं हेडर्स-मोअर मॉड्यूल (सर्व्हरच्या उत्तरातली हेडर्स बदलणारा जोड-भाग) मी हातानेच कंपाइल करायचो, म्हणजे सोर्स कोडपासून बनवायचो. सोर्स उतरवा, कॉन्फिगर, मेक मॉड्यूल्स, एसओ फाइल कॉपी, झालं. एनजिनएक्सचं १.२८.० आलं तेव्हा बेसावधपणे एपीटी (डेबियनवर पॅकेजं टाकणारं टूल) अपग्रेड मारलं, रीबूट केलं आणि चहा टाकला. तेवढ्यात मामांचा फोन, "अरे ती साइट उघडंना झालीय, गिऱ्हाईक मसाल्याचे दर विचारतंय." लॉगमध्ये एकच ओळ, व्हर्जन १०२६००३ इन्स्टेड ऑफ १०२८०००. म्हणजे मॉड्यूल १.२६.३ साठी बनवलेलं, एनजिनएक्स मात्र १.२८.०. कंपाइल करताना विथ-कॉम्पॅट हा ऑप्शन लावला होता की! पण त्याने कॉन्फिगरचे ऑप्शन तंतोतंत जुळवायची कटकट वाचते, व्हर्जन तेच लागतं. आणि हे सगळं कशासाठी, तर उत्तरासोबत सर्व्हरचं नाव नि व्हर्जन सांगणारं सर्व्हर हेडर पूर्ण उडवायला, कारण सर्व्हर-टोकन्स ही सेटिंग ऑफ केली तरी नुसता व्हर्जनचा आकडा जातो, नाव राहतंच. चूक माझीच.

मग एनजिनएक्सच्याच पीकेजी-ओएसएस रेपोमधली (कोडच्या साठ्यातली) ही बिल्ड-मॉड्यूल स्क्रिप्ट धरली. मॉड्यूलचा गिट पत्ता द्यायचा, डॅश व्ही ने एनजिनएक्सचं व्हर्जन सांगायचं, सोर्स आणण्यापासून डेब पॅकेज (डेबियनवर इन्स्टॉल होणारी फाइल) बांधण्यापर्यंत सगळं तीच करते. बिल्डची पॅकेजं लाइव्ह सर्व्हरवर भरायला नकोत आणि वेगळं मशीन भाड्याने घ्यायचं जिवावर येतं, म्हणून जुन्या लॅपटॉपवर तेच डेबियन टाकून चालवतो.

आता माझं खरं भांडण. मॉड्यूलचं टोपणनाव! ते द्यायच्या डॅश एन ला मी हौसेने "हेडर्स-मोअर" दिलं, मध्ये डॅश. स्क्रिप्टला डॅश, अंडरस्कोर, टिंब काही चालत नाही, काढून टाकते आणि वर विचारते, हे नाव चालेल का? मी रात्री टीमक्समध्ये (टर्मिनल बंद केलं तरी काम चालू ठेवणारं टूल) लावून झोपलो, सकाळी बघतो तर बाईसाहेब तिथेच, कन्फर्म निकनेम म्हणून कर्सर लुकलुकतोय. अख्खी रात्र लॅपटॉप चालू, पंख्याची घरघर, बिल माझं. डॅश वाय दिलं की विचारत नाही हे नंतर कळलं, तरी मला अजून पटत नाही, ऑटोमेशनच्या स्क्रिप्टने मुळात विचारायचंच कशाला?

दोन महिन्यांपूर्वी तर सोडूनच देणार होतो. एपीटी अपग्रेड केलं की एनजिनएक्स केप्ट बॅक, म्हणजे अपग्रेड न होता मागेच अडवलेलं, दर वेळी. वैतागून मॉड्यूलचं पॅकेज उघडून पाहिलं तर डिपेंड्समध्ये (ते कशावर अवलंबून आहे त्या यादीत) एनजिनएक्सचं नेमकं तेच व्हर्जन बांधलेलं. म्हणजे मॉड्यूल मागे असेल तर एपीटी एनजिनएक्सला पुढे सोडतच नाही. अरे, हेच तर हवं होतं मला! आधी असतं तर मामांचा फोन आला नसता. आधी तीन स्टार द्यायचे ठरवले होते, आता साडेचार, अर्धा त्या टोपणनावाचा कापला.

आता नवीन व्हर्जन आलं की लॅपटॉपवर डॅश वाय लावून बिल्ड, डेब सर्व्हरवर कॉपी, आणि फक्त ती डेब एपीटीने इन्स्टॉल. नवा एनजिनएक्स एपीटी स्वतःच पॅकेजच्या रेपोतून ओढून आणतं.