सव्वादोनशे पाउंडांचा कंट्रोलर, गॉथ नाइट आणि शून्यावर चिकटणारा फेडर

परवा माझा डीजे कंट्रोलर, म्हणजे लॅपटॉपवरची गाणी हाताने मिसळायचं यंत्र, सर्व्हिस सेंटरमधून परत आला. डावा टेम्पो फेडर, म्हणजे गाण्याचा वेग कमी-जास्त करणारी सरकती पट्टी, बदललाय. उजवा त्याच बनावटीचा आणि त्याच वयाचा, पण तक्रारीत फक्त डाव्याचा उल्लेख होता, म्हणून उजव्याला कुणी हातही लावलेला नाही. तो बिघडला की पुन्हा खोकं, पुन्हा चिकटपट्टी, पुन्हा पोस्टाची रांग.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दुकानाशी पत्रव्यवहार अजून संपलेला नाही. दोन चॅनल, यूएसबीने लॅपटॉपला जोडायचा, खाली रंगीत पॅड, नवशिक्यांसाठी म्हणून विकतात तो प्रकार. ज्यांनी घेतलाय ते ओळखतील. लीड्सला येऊन बरीच वर्षं झाली तरी माझ्या डोक्यात हिशेब रुपयांतच चालतो, आणि पंचवीस हजारांच्या आसपासची वस्तू पहिल्याच वर्षात खोक्यात बसून फिरायला लागली की माझं डोकं फिरतं.

मी महिन्यातून एकदा एका पबच्या वरच्या खोलीत गॉथ आणि इंडस्ट्रियल या प्रकारांचं संगीत वाजवतो. लीड्समध्ये हे करणं म्हणजे जरा धाडसच. सिस्टर्स ऑफ मर्सी, मार्च व्हायोलेट्स, रेड लॉरी येलो लॉरी हे सगळे गॉथ बँड याच गावचे. मेरियन सेंटरच्या तळघरातल्या ‘फोनो’ क्लबमध्ये तारुण्य घालवलेली मंडळी आजही येतात. पन्नाशी उलटलेली, काळ्या कोटातली, गुडघे धरून नाचणारी, पण प्रत्येक गाण्याचा प्रत्येक ठोका पाठ असलेली. चूक झाली की कुणी ओरडत नाही, नुसतं वळून बघतात.

या यंत्राबद्दलचं माझं सगळं म्हणणं इथूनच सुरू होतं. टेक्नोवाला डीजे गाणं चार टक्के पळवतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. माझ्या लोकांना मात्र गाणं मूळ वेगातच हवं असतं. सिस्टर्सचा गायक अँड्र्यू एल्ड्रिच याचा तो खर्जातला आवाज तीन टक्के वर गेला तरी त्यांना तो सर्दी झाल्यासारखा वाटतो. म्हणून माझं सगळं काम शून्याच्या आजूबाजूला चालतं. अर्धा टक्का इकडे, पाव टक्का तिकडे. आणि हा फेडर नेमका तिथेच मेलेला आहे.

मधोमध एक खाच आहे, टक् करून बसते. त्या खाचेच्या दोन्ही बाजूंना जेमतेम मिलिमीटरभर जागा अशी, की बोट सरकतं पण स्क्रीनवरचा आकडा 0.00 वरून हलत नाही. आणखी सरकवलं की एकदम 0.27. मधलं काहीच नाही. हिशेब सरळ आहे: फेडर सहा सेंटिमीटरचा, वेगाची कक्षा अधिक-उणे आठ, म्हणजे साठ मिलिमीटरमध्ये सोळा टक्के. एका मिलिमीटरला पाव टक्क्याहून थोडं जास्त. पाव टक्का म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. मिनिटभरात ती दीडशे मिलिसेकंदांची चूक होते, आणि 130 बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला 130 ठोक्यांच्या, गाण्यात हा जवळजवळ एक तृतीयांश ठोका झाला. दोन किकड्रम एकमेकांवर बसण्याऐवजी जिन्यावरून गडगडत आल्यासारखे ऐकू येतात.

बरं, हा रोग नवा नाही. टेक्निक्स कंपनीच्या टर्नटेबलच्या जुन्या 1200 मालिकेतही मध्यावर खाच होती आणि डीजे तिच्यावर वैतागायचे. पुढे एम-थ्री-डी मॉडेलमध्ये त्यांनी ती काढून टाकली आणि शून्यावर यायला वेगळं बटण दिलं. नव्वदच्या दशकात सुटलेला प्रश्न आजच्या प्लास्टिकच्या खोक्यात पुन्हा कसा काय आला, हे मला कुणी सांगेल का?

दोन गाण्यांचा वेग आपोआप जुळवणारं सिंक बटण वापर की, असं सांगणारे भेटतातच. वापरून बघितलं. सोबत येणारं सॉफ्टवेअर प्रत्येक गाण्यावर ठोक्यांची जाळी टाकतं आणि ती सरळ, एकसारख्या अंतराची असते. हाऊस वाजवा, सुंदर चालतं. बाउहाउस या बँडचं 1979 मधलं ते साडेनऊ मिनिटांचं ‘बेला लुगोसीज डेड’ घाला. ड्रमवर केविन हॅस्किन्स, माणूस. त्यात त्याच्या ठोक्यांवर डिलेचा प्रतिध्वनी सोडलेला. सॉफ्टवेअर प्रतिध्वनीलाच ठोका समजतं, मिनिटभरात जाळी एकीकडे आणि गाणं दुसरीकडे. माणसाची लय चढते-उतरते, ढोल-ताशा पथकाची चौकात आल्यावर चढते तशीच. आइनश्टुर्त्सेन्डे नॉयबाउटेन या जर्मन बँडच्या 1981 च्या ‘कोलाप्स’चं तर विचारूच नका. पत्रे बडवल्याचा तो आवाज सॉफ्टवेअरने ज्या बीपीएमवर नेऊन ठेवला, तो बघून मी खुर्चीत हसत बसलो होतो.

सिस्टर्सची गोष्ट याच्या उलट. 1980 च्या पहिल्या सिंगलवर ड्रम खुद्द एल्ड्रिचने वाजवले होते. त्यानंतर बॉस डीआर-55 हे छोटं ड्रम मशीन आलं आणि त्याचं नामकरण झालं ‘डॉक्टर अवलांच’. बँडमधली माणसं बदलत गेली, डॉक्टर टिकले. यांची गाणी जाळीत नीट बसतात. पण ती मशीनं काही आकडा टाइप करून चालत नव्हती, गोल बटण फिरवून वेग ठरायचा. त्यात माझ्याकडची निम्मी गाणी जुन्या बारा इंची रेकॉर्डवरून मीच उतरवलेली, म्हणजे टर्नटेबलची थोडी चूक त्यात मिसळलेली. एक गाणं 0.1 हळू, दुसरं 0.2 जलद. पुन्हा तेच, शून्याशेजारी. पुन्हा 0.00, पुन्हा एकदम 0.27.

जुना साठा धुंडाळायचा तर या बारा इंची रेकॉर्डना पर्याय नाही. एकाच गाण्याचे सात इंची, बारा इंची, अल्बमवरचे असे तीन-तीन अवतार असतात, आणि सुरुवातीला नुसते ड्रम ठेवलेला लांब अवतार, म्हणजे डीजेला हवा तोच, स्ट्रीमिंगवर अनेकदा नसतो. ‘टेम्पल ऑफ लव्ह’ 1983 चं वेगळं आणि ओफ्रा हाझाचा आवाज असलेलं 1992 चं वेगळं. माझ्या खोलीत या दोन अवतारांचे दोन पक्ष आहेत आणि त्यांच्यात समेट शक्य नाही. सॉफ्टवेअरच्या यादीत मात्र दोन्हींचं नाव अर्ध्यावर कापलं जातं आणि ती अगदी सारखी दिसतात. अंधारात चुकीचं लावलं तर पक्षांतराचा आरोप येतो.

इतपत वाचून वाटेल की विकून टाकावा. तिसऱ्या महिन्यापर्यंत माझंही तेच मत होतं. मग दोन गोष्टी झाल्या.

पहिली बेल्जियममुळे. ऐंशीच्या दशकात अँटवर्पच्या एका क्लबमध्ये ‘डिक्के रॉनी’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या डीजेने ए स्प्लिट-सेकंड या बँडची ‘फ्लेश’ ही मिनिटाला 45 फेऱ्यांच्या वेगाची रेकॉर्ड 33 वर लावली आणि पिच, म्हणजे टर्नटेबलचा वेगाचा फेडर, अधिक आठवर नेला. त्यातून न्यू बीट नावाचा संगीताचा आख्खा प्रकार निघाला, असं सांगतात. मी कागदावर मांडून बघितलं. 33.33 ला 1.08 ने गुणलं की 36. आणि 36 भागिले 45 म्हणजे 0.8. बरोब्बर वीस टक्के हळू. कंट्रोलरची कक्षा अधिक-उणे पन्नासवर नेली, वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारा की-लॉक बंद केला आणि फेडर उणे वीसला आणला. सूर जवळजवळ चार पट्ट्या खाली, म्हणजे काळी चारचा माणूस पांढरी तीनमध्ये. आणि काय सांगू, खोलीचा मजला हलला! शून्यापासून इतक्या लांब खाचेचा त्रास नाही. या कक्षेत एका मिलिमीटरला दीड टक्क्याच्या वर जातं, पण एकटं गाणं वाजवताना कोण मोजतंय. तेव्हापासून फ्रंट 242, नित्झर एब, डीएएफ, ज्या बँडचं जे हाताला लागेल ते वीस टक्के खाली नेऊन ऐकतोय. डझनावारी गाणी टाकाऊ निघतात, कण्हत चालतात. पण काही अशी उघडतात की वर्षानुवर्षं ऐकलेल्या गाण्यात खाली दडलेली बेसलाइन पहिल्यांदा कानावर येते. हे काम लॅपटॉपवर माउसनेही होतं, मान्य. फेडरवर अंगठा ठेवून हळूहळू खाली उतरण्यात जी मजा आहे ती माउसला नाही.

दुसरी गोष्ट फुकट मिळाली आणि म्हणूनच जास्त आवडली. सोबतचं सॉफ्टवेअर काढून मी मिक्स्स हे दुसरं डीजे सॉफ्टवेअर टाकलं. मुक्तस्रोत आहे, पैसे नाहीत, आणि कंट्रोलरचं कुठलं बटण काय करेल हे आपण लिहून ठरवू शकतो. फेडरची मेलेली जागा जिवंत होत नाही, ती हार्डवेअरमध्येच आहे. पण खालची आठ पॅड, ज्यांवर हॉर्न आणि बंदुकीचे आवाज भरून दिले होते, त्यांतली दोन-दोन मी वेग बारीक वाढवण्या-कमी करण्याला लावली. एका ठोशाला 0.05 टक्का. आता फेडर खाचेत बसवून ठेवतो आणि पॅडवर बोटं मारत लय जुळवतो. शिवाय ‘वेग एकसारखा धरा’ ही खूण काढली की मिक्स्स ठोके जसे पडतात तशी जाळी टाकतं, त्यामुळे माणसांनी वाजवलेले ड्रमही बऱ्यापैकी पकडतं. पॅडचे रंगही बदलून मंद लाल केले. आधी काळ्या कपड्यांच्या त्या खोलीत माझ्यासमोर इंद्रधनुष्य नाचत असायचं आणि लोक टोमणे मारायचे.

बाकीचं थोडक्यात. आवाज स्वच्छ. हेडफोनचा आवाज पबसाठी कमी. जॉग व्हील, म्हणजे गाणं हाताने पुढे-मागे ढकलायच्या चकत्या, हलकी आहेत पण चालतात. आवाज बाहेर न्यायला फक्त आरसीए, म्हणजे घरगुती स्टिरिओला असते तसली जोडणी, त्यामुळे पबच्या मिक्सरला जोडलं की लॅपटॉपच्या चार्जरची घरघर येते. चार्जर काढला की थांबते. तेव्हा बॅटरी धडधाकट असलेला लॅपटॉप ठेवा.

आणि मग पाचव्या महिन्यात डावा फेडर स्वतःहून उड्या मारायला लागला. हात न लावता आकडा 1.3, 0.8, 2.1. भर गाण्यात. लोक वळून बघायला लागले. दुकानाला कळवलं, त्यांनी सर्व्हिस सेंटरकडे ढकललं, सेंटरचं उत्तर आलं की आत द्रव सांडलाय, वॉरंटी लागू नाही. पुरावा म्हणून फोटो. फोटोतल्या यंत्रावर सिरियल नंबरच्या शेजारी एक पिवळा स्टिकर होता, माझ्या यंत्रावर असा स्टिकर कधीच नव्हता. दुसऱ्या कुणाचं तरी बिअर प्यालेलं यंत्र! ते दाखवल्यावर आठवडाभर शांतता. मग मी दुकानालाच लिहिलं की 2015 च्या कन्झ्युमर राइट्स ॲक्टप्रमाणे सहा महिन्यांच्या आत निघालेला दोष मुळातलाच धरतात, तसं नसल्याचं सिद्ध करणं विक्रेत्याकडे. इथे राहणाऱ्यांनी हे वाक्य पाठ करून ठेवा, उत्तराची भाषा एकदम बदलते. आधी ‘धोरणात बसत नाही’, मग ‘आम्हाला मदत करायला आनंद होईल’. दुरुस्ती फुकट झाली. जाण्याच्या टपालाचे अकरा पाउंड अजून दिलेले नाहीत, आणि ते मी सोडणार नाही.

नवा फेडर उड्या मारत नाही. खाच मात्र तशीच, मिलिमीटरभर मेलेली. घरी शिकायला, किंवा हाऊस-टेक्नो वाजवायला कुणी विचारलं तर घे म्हणेन, आणि पहिल्याच दिवशी मिक्स्स टाक म्हणेन. आमच्यासारखी जुनी गाणी मूळ वेगात वाजवणाऱ्याने आणखी दीडशे पाउंड साठवून लांब फेडरचा, खाच नसलेला जुना माल शोधावा. दुकानात जाऊन बघणार असाल तर दिवे, पॅड, जॉग काही बघू नका. डेमोच्या लॅपटॉपवर कुठलंही गाणं लावा, फेडर खाचेतून नखाने हळूहळू बाहेर काढा आणि नजर आकड्यावर ठेवा. 0.00 नंतर 0.05 दिसलं तर बिल करायला सांगा. थेट 0.2 च्या वर उडी मारली तर खाली ठेवा, आणि शेजारचा उजवा फेडरही तसाच तपासून बघा, दोन्ही एकसारखे निघतातच असं नाही.