कोपरात सुई गेलीच नाही, पैसे मात्र घेतले

माझ्या धाकट्याचं कोपर कबड्डीत निखळलं. पकड सोडवताना मागे पडला, हात टेकला आणि कोपराचं हाड मागच्या बाजूला पार बाहेर आलं. तालुक्याच्या डॉक्टरांनी भूल देऊन सांधा बसवला, परत एक्स-रे काढला. कुठं मोडलेलं नव्हतं. स्लॅब, म्हणजे अर्धं प्लास्टर, घातला. इथवर सगळं नीट झालं.

मग ओळखीच्यांच्या सांगण्यावरून शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी स्लॅब सोडला नाही, हाताला हातही लावला नाही. "लिगामेंट तुटलीय, एमआरआय करा," म्हणाले (लिगामेंट म्हणजे सांध्याची हाडं एकमेकांना बांधून ठेवणारे पट्टे), आणि सेंटरचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं. तिथे साडेसोळा हजार रोख घेतले. पावतीवर 'एमआर आर्थ्रोग्राम'. रिपोर्ट आला की दोन्ही बाजूंची लिगामेंट फाटलीत. दोन दिवसांत ऑपरेशन, नाहीतर हात अधू. त्या रात्री आमच्या घरात कुणी जेवलं नाही.

सकाळी बहीण हट्टानं सरकारी रुग्णालयात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरांनी आधी स्लॅब काढला. कोपर हळूहळू वाकवलं, सरळ केलं, मग सी-आर्मखाली, म्हणजे पडद्यावर चालू एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राखाली, दोन्ही बाजूंनी ताण देऊन पाहिलं. सांधा जागचा हलला नाही. त्यांनी मला समजावलं: कोपर निखळलं की लिगामेंट फाटतातच, त्यामुळे एमआरआयमध्ये फाटलेली दिसणारच. तेवढ्यावरून ऑपरेशन ठरत नाही, सांधा जागेवर टिकतो का ते बघायचं. बाजूनं काढलेल्या एक्स-रेत दंडाचं हाड आणि उल्ना (कोपराखालचं करंगळीच्या बाजूचं हाड) यांच्यात ४ मिलिमीटर किंवा जास्त फट दिसली तर सांधा सैल असल्याची शंका घ्यायची. हाडाचा बारीक तुकडा उडाल्याचा संशय असला तर सीटी स्कॅन. एमआरआय लागतो, पण सांधा सैल वाटला किंवा तपासणीतून उलगडा झाला नाही तर.

मग पावती बघून त्यांनी पोराला विचारलं, "सुई कुठं टोचली होती?"

"टोचलीच नाही."

आर्थ्रोग्राम म्हणजे सांध्यात सुईनं चित्रात उठून दिसणारं औषध सोडून काढलेला एमआरआय, हे मला तेव्हा कळलं. ताज्या दुखापतीत सांध्यात रक्त साचलेलं असतं, त्यामुळे सहसा त्याची गरजही पडत नाही.

सेंटरवाले एमआरआयच्या चित्रांची सीडी द्यायला टाळत होते. मी लेखी अर्ज दिला. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरांनी रुग्णाला मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्यायच्या असतात, आणि पेशंट पाठवल्याबद्दल कमिशन घ्यायलाही बंदी आहे, हे दोन्ही त्यात लिहिलं. तिसऱ्या दिवशी सीडी मिळाली. एकाही चित्रात सोडलेलं औषध नाही.

स्लॅब परत घातलाच नाही. फार दिवस बांधून ठेवलं तर कोपर आखडतं, म्हणून लगेच व्यायाम सुरू केला. आज पोराचा हात तोंडापर्यंत जातो, घास स्वतः घेतो. पूर्ण सरळ व्हायला अजून थोडं बाकी आहे.

सेंटरनं परवा जादाचे पैसे परत करायचं कबूल केलं, फक्त मूळ पावती जमा करा म्हणाले. ती मी दिलेली नाही. तक्रारीच्या अर्जाला तीच लावली आहे.